‘मार्गात गेल्यानं दारू सुटत नाही’ : प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, पण तो राग कुठून आला हे शेवटच्या ओळीत कळलं. म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या भंडाऱ्याकडचा एक धान शेतकरी दारू सोडायला लावणाऱ्या ‘परमात्मा एक’ या पंथाच्या मार्गात आला, सेवक म्हणजे अनुयायी झाला आणि दारूतून सावरला, असं मी लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की व्यसन हा आजार आहे, त्याला औषधच लागतं; देवाच्या नावानं सोडणारे चार महिन्यांत पुन्हा भट्टीवर दिसतात; आणि असे लेख लोकांना दवाखान्यापासून तोडतात. आणि शेवटची ओळ अशी, की तुमच्या मोठ्या भावानं घेतलेली शपथ मोडली आणि आता तो घराबाहेरच पडत नाही.

आजाराबद्दल आपलं दुमत नाही. रोज सकाळपासून पिणाऱ्यानं शपथ घेऊन एकाएकी बंद करणं जिवावर बेतू शकतं. आधी हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही. आपल्याकडे मग ‘बाहेरचं लागलं’ म्हणून अंगारा लावत बसतात. अशा वेळी थेट जिल्हा रुग्णालय गाठायचं. आणि जेवणातून चोरून गोळी तर कधीच द्यायची नाही. डायसल्फिराम ही दारू सोडवायची गोळी पोटात असताना तो प्याला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

हा शेतकरीही आधी सरकारी दवाखान्यात भरती होता. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला तरी अर्धा बशीत सांडायचा. तो हात औषधांनीच स्थिर झाला. पण घरी आल्यावर तो मला म्हणाला, “दिवसा काई वाटत नाही जी, सहा वाजले का पाय आपोआपच तिकडं जाते.” रोवणीचे दिवस होते. दिवसभर चिखलात वाकून कंबर मोडलेली, सोबतचे बांधावरून सरळ मोहाच्या दारूकडे निघायचे आणि यानं एकट्यानं घरी जायचं. त्या वेळेला कोणता डॉक्टर सोबत असतो? मार्गाच्या बैठकीतली माणसं होती. ज्याला यानं नालीत पडलेला पाहिला होता, तोच पांढऱ्या कपड्यांत शेजारी बसलेला. “याचं होते तं माझं काऊन नाही होणार?” हे त्याला तिथं सुचलं.

१९३५ मध्ये अमेरिकेत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हे दारू सोडू पाहणाऱ्यांचं मंडळ सुरू झालं तेही दोन दारुड्यांच्या भेटीतून. त्यातला एक सर्जन होता. वैद्यकी येत असूनही त्याची सुटत नव्हती. त्यांनीही देव ठेवला, पण ज्याला जसा समजेल तसा.

आता भट्टीवर परतणाऱ्यांबद्दल. परततात, खरं आहे. औषध घेतलेलेही परततात. माझा राग आहे तो त्यानंतर जे होतं त्यावर. एका भजनी मंडळात घसरलेल्या माणसाच्या हातातून सगळ्यांसमोर टाळ काढून घेताना मी पाहिलं आहे. शपथ मोडली म्हणजे देवही गेला, असं त्याच्या मनात बसलं. मग तो कशासाठी थांबेल? अशा श्रद्धेनं माणसं मरतात, आणि तिथं मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे.

आमचा शेतकरीही पोळ्याच्या करीला प्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीतले दोघं घरी आले. काल काय झालं ते विचारलं नाही. चहा घेतला आणि त्याला गाडीवर मधात बसवून दवाखान्यात नेलं. त्या दोघांच्या वागण्याला मी श्रद्धा म्हणतो, आणि लेख त्यांच्यासाठीच लिहिला होता.

तुमच्या भावाला आधी डॉक्टरला दाखवा, किती आणि कधीपासून पितो ते खरं सांगा. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. शपथेचा विषय सध्या घरात काढू नका. तो हो म्हणत असेल, तर या दोघांना घेऊन मी तुमच्या गावी येतो. त्याला विचारून दिवस कळवा.