‘ओबामाकेअर एका रात्रीत रेटला’ हे खरं का नाही

आमच्या नात्यातली बरीच मंडळी न्यू जर्सीत आहेत. तिकडे विम्याच्या हप्त्यांवरून वाद पेटला की घरच्या ग्रुपवर एक निरोप हमखास फिरतो. डेमोक्रॅटिक पक्षाच्या ओबामांनी २०१० साली आरोग्य विम्याचा कायदा, म्हणजे ‘ओबामाकेअर’, चर्चा न करता, नाताळच्या तोंडावर मध्यरात्री, ५१ मतांच्या पळवाटेतून रेटला. हजारो पानं कुणी वाचलीच नाहीत. ‘आधी मंजूर करा, मग कळेल’ असं प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या अध्यक्ष नॅन्सी पेलोसी खुद्द म्हणाल्या. विरोधकांची एकही सूचना घेतली नाही. आणि खासदारांनी स्वतःला मात्र कायद्यातून वगळलं. गेल्या आठवड्यात तो पुन्हा आला, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

‘चर्चा न करता’ यावर निरोपाचा सगळा डोलारा उभा आहे, म्हणून ते आधी. मार्च २००९ मध्ये व्हाइट हाऊसमध्ये दोन्ही पक्ष, डॉक्टर, विमा कंपन्या यांची बैठक झाली. कायद्यावर सही झाली २३ मार्च २०१० ला. मधल्या वर्षभरात अमेरिकी संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या, म्हणजे प्रतिनिधीगृहाच्या तीन आणि सिनेटच्या दोन समित्यांनी मसुद्यांचा कीस पाडला. सिनेटच्या अर्थ समितीचे डेमोक्रॅट अध्यक्ष मॅक्स बॉकस यांनी तर तीन डेमोक्रॅट आणि तीन रिपब्लिकन असा सहा जणांचा गट करून अख्खा उन्हाळा वाटाघाटींत घालवला. ‘किती दिवस हे गुऱ्हाळ चालवणार?’ म्हणून त्यांच्याच पक्षाचे लोक चिडले होते. ऑगस्टमध्ये खासदार मतदारसंघांत गेले, तिथल्या सभांत लोक तावातावाने भांडले. सरकारी ‘डेथ पॅनेल’ म्हाताऱ्यांच्या उपचारांचा निवाडा करणार, ही रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन यांनी उठवलेली आवई त्याच महिन्यातली. मसुद्यात होतं एवढंच, की आयुष्याच्या अखेरच्या उपचारांबद्दल रुग्णाने स्वेच्छेने डॉक्टरांचा सल्ला घेतला, तर मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, त्या भेटीचे पैसे देईल. त्या आवईपायी ही साधी, माणुसकीची तरतूद गळाली. माझ्या मते त्या वर्षातली ही सगळ्यात दुःखाची गोष्ट.

पुढे सिनेटच्या सभागृहात ३० नोव्हेंबरपासून २४ डिसेंबरपर्यंत चर्चा चालली, शनिवार-रविवार धरून.

मध्यरात्रीची गोष्ट अर्धी खरी आहे. २१ डिसेंबरच्या रात्री एक वाजता मतदान झालं, पण ते चर्चा आवरती घेण्यावरचं. सिनेटच्या नियमांत अशा प्रत्येक मतदानानंतर तीस तासांपर्यंतचा अवधी असतो. तो पुरेपूर वापरून विधेयक लांबवायचं, असं विरोधकांनी ठरवलं आणि नाताळच्या आत काम संपवायचं, असं सिनेटमधले डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी. त्या ओढाताणीत अशा वेळा आल्या. अंतिम मतदान २४ डिसेंबरला सकाळी, उजाडता उजाडता झालं. ६० विरुद्ध ३९. ९२ वर्षांचे डेमोक्रॅट सिनेटर रॉबर्ट बर्ड चाकाच्या खुर्चीवरून आले आणि ऑगस्टमध्ये वारलेले सहकारी टेड केनेडी यांचं नाव घेऊन त्यांनी होकार दिला.

इथेच ‘५१ मतांची पळवाट’ कोसळते. सिनेटमध्ये अल्पमतातला पक्ष चर्चा संपूच न देता विधेयक अडवू शकतो. ती थांबवायला शंभरातली साठ मतं लागतात. डेमोक्रॅटांकडे दोन अपक्ष धरून नेमकी साठ होती. म्हणजे साठातला प्रत्येक जण एकट्याच्या बळावर कायदा बुडवू शकत होता, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दोन अपक्षांतले जो लिबरमन अडून बसले, तेव्हा सरकारी विम्याचा पर्याय वगळावा लागला. नेब्रास्काच्या बेन नेल्सन यांनी आपल्या राज्याला मेडिकेडचे, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्याचे, खास पैसे मिळवून घेतले. ओरड झाली आणि ती सवलत पुढे रद्द झाली. ते वागणं मलाही पटत नाही. पण कायदा लंगडा का राहिला, हे कळायचं तर हीच बेरीज बघावी लागते. साठांतल्या सर्वांत नाखूश माणसाला जेवढं चाललं, तेवढाच कायदा झाला.

मग जानेवारी २०१० मध्ये केनेडींची जागा रिपब्लिकन स्कॉट ब्राऊन यांनी जिंकली आणि साठाची एकोणसाठ झाली. सिनेटच्या विधेयकात एक शब्द बदलला तरी ते पुन्हा सिनेटमध्ये येऊन अडकणार होतं. म्हणून प्रतिनिधीगृहाने ते जसंच्या तसं २१ मार्चला २१९ विरुद्ध २१२ मतांनी स्वीकारलं. ३४ डेमोक्रॅटांनी विरोधात मत दिलं. साध्या बहुमताचा मार्ग, म्हणजे ‘रिकन्सिलिएशन’, वापरला तो त्यानंतरच्या छोट्या दुरुस्ती विधेयकासाठी. ते सिनेटमध्ये ५६ विरुद्ध ४३ ने मंजूर झालं. हीच वाट धरून बुश यांच्या काळात २००१ आणि २००३ ची करकपात झाली होती. मूळ कायदा साठ मतांचाच आहे.

पेलोसींच्या वाक्याचं ‘नरो वा कुंजरो वा’ झालंय. ९ मार्च २०१० ला त्या बोलल्या, तेव्हा सिनेटचा मजकूर अडीच महिने सर्वांसमोर होता. त्यांच्या वाक्याचा शेवट ‘वादाच्या धुक्यापासून दूर’ असा आहे. कायदा लागू झाल्यावर लोकांना तो अफवांविना दिसेल, असा त्याचा रोख होता. शब्द वाईट निवडले, हे मान्य. पण शेपूट कापून वाक्य फिरवायचं आणि त्यावरून माणसाला खोटं ठरवायचं, हे योग्य नाही. पानांचं म्हणाल तर विधेयकं रुंद समास आणि मोठ्या अंतराने छापतात. कायद्याची छापील प्रत ९०६ पानांची आहे. घाईचा आरोप एका जागी मात्र मला मान्य आहे. १९ डिसेंबरला रीड यांनी जवळपास चारशे पानांची दुरुस्ती मांडली आणि दोन दिवसांच्या आत तिच्यावर मतदान घेतलं. तेवढ्या वेळात ती नीट वाचणं कठीणच होतं.

विरोधकांच्या सूचना? सिनेटच्या आरोग्य समितीने रिपब्लिकनांच्या दीडशेहून अधिक दुरुस्त्या घेतल्या. बहुतेक किरकोळ, तांत्रिक होत्या, हेही सांगायला हवं. पण प्रत्येकाने विमा घ्यायलाच हवा, या कायद्यातल्या सक्तीची मूळ कल्पनाच १९९३ साली रिपब्लिकन सिनेटर जॉन चेफी यांच्या विधेयकात होती, आणि २००६ साली मिट रॉम्नी यांनी ती मॅसॅच्युसेट्समध्ये आणली. अर्थ समितीत रिपब्लिकन ऑलिंपिया स्नो यांनी बाजूने मत दिलं होतं. शेवटी मात्र दोन्ही सभागृहांत एकाही रिपब्लिकनाचं मत पडलं नाही.

खासदार वगळल्याची गोष्ट तर थेट उलटी आहे. खासदारांनी आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांनी याच कायद्याखालच्या बाजारातून विमा घ्यावा, हे कायद्यातच लिहिलंय. मूळ सूचना रिपब्लिकन चक ग्रासली यांची. नोकरी देणारा म्हणून सरकार हप्त्यातला वाटा भरत राहिलं, एवढ्यावरून ‘सूट’ हा शब्द पसरला.

घाईची तुलनाच करायची तर, जुलै २०१७ मध्ये हाच कायदा मोडायला काढला, तेव्हा सिनेटमधल्या रिपब्लिकन नेत्यांनी मसुदा बंद दाराआड केला, समित्यांत सुनावणी घेतली नाही, आणि शेवटचा आठ पानी मजकूर रात्री बाहेर काढून काही तासांत मतदानाला ठेवला. २००९ साली ओबामांच्या विधेयकाविरुद्ध मत दिलेले रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन तेव्हा मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सिनेटमध्ये परतले होते. विरोधकांच्या पाठिंब्याविना एवढा मोठा बदल करणं २०१० मध्येही चूक होतं आणि आताही चूकच आहे, असं त्यांनी भाषणात सांगितलं. विधेयक समितीकडे पाठवा, दोन्ही पक्षांनी बसून काम करा, असा त्यांचा आग्रह होता. २०१० बद्दलची त्यांची तक्रार मला विचार करायला लावते, कारण ती खऱ्या घटनेवर उभी आहे. २८ जुलैच्या पहाटे त्यांनी अंगठा खाली केला आणि विधेयक ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडलं.