आकाश रिकामे करण्याची घरगुती कृती

शिकारी पक्षी घालवायला बंदूक लागते, हा गैरसमज आधी काढून टाका. गरुडाला, ससाण्याला बोटही लावायचे नाही. तो राहतो अन्नसाखळीच्या माळ्यावर. आपण तळमजला पाडायचा. शिवाय बंदुकीला तुरुंग आहे, या कामाला शाल-श्रीफळ.

सुरुवात माळापासून करा. सोलापूर, नगर, बारामतीकडचा गवताळ माळ कागदोपत्री बहुधा ‘पडीक’ असतो, म्हणजे निम्मे काम दप्तरानेच उरकलेले. सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य आशियाकडून भोवत्या पक्षी इथे उतरतात. दिवसभर ज्वारी-हरभऱ्यावर जमिनीलगत तरंगत नाकतोडे, उंदीर, चंडोल टिपतात आणि दिवस मावळला की जमिनीवरच, उंच गवतात, एकत्र मुक्कामाला बसतात. झाडावर नाही. तेव्हा तिथे झाडेच लावा! चर खणा, गिरिपुष्प लावा. ते भराभर वाढते आणि गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. सावली पडली की गवत हटते, गवताबरोबर नाकतोडे आणि चंडोल. २०१९ साली राज्याने ३३ कोटी झाडांचे लक्ष्य ठेवले होते, तिथे तुमच्या पाचशे रोपांना कोण नावे ठेवणार? रोपांची वाट पाहवत नसेल तर काडेपेटी आहेच. भर थंडीत माळ पेटवला की मुक्काम त्याच रात्री उठतो.

आता उंदीर. इथे औषध निवडताना घाई नको. झिंक फॉस्फाईडने उंदीर काही तासांत आडवा होतो. आपल्याला तो हिंडता-फिरता हवा. म्हणून ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोन घ्या. ते रक्त गोठू देत नाही, पण जीव जायला चार-पाच दिवस लावते. तोवर उंदीर यकृतात विष साठवून झिंगत, दिवसाढवळ्या बांधावर फिरतो. रात्री गव्हाणी घुबड, दिवसा कापशी घार. दोघांनाही पंगतीत वाढल्यासारखा घास. आमिष मोजून बिळात टाकायचे आणि मेलेले उंदीर उचलून पुरायचे, असे जाणकार सांगतात. तुम्ही मूठमूठ उघड्यावर फेका आणि घरी जा. घुबड गेल्यावर उंदीर वाढतील, मग आणखी एक पुडा आणायचा.

गिधाडांवर फार वेळ घालवू नका, ते काम आधीच्या पिढीने करून ठेवले आहे. १९९२ ते २००७ या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचलेले जनावर मेले, ते गिधाडाने खाल्ले, की त्याचे मूत्रपिंड बंद. २००६मध्ये ते जनावरांसाठी बंद झाले, तर लोकांनी माणसांची ३० मिलीची बाटली गोठ्यात नेली. २०१५मध्ये सरकारने कुपीच ३ मिलीची केली. आता एका बैलासाठी किती कुप्या फोडायच्या! मेलोक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक गिधाडांना बाधत नाही, म्हणून दुकानात त्याचे नावही काढू नका.

एवढे करून जानेवारीत कोणी दुर्बीण घेऊन आलाच, तर ‘यंदा थंडी उशिरा पडली’ म्हणा आणि त्याला कचरा डेपोवर न्या. तिथे घारी मुबलक असतात. लांबून गरुड म्हणून खपतात, फक्त शेपटीची खाच फोटोत येऊ देऊ नका.