मंद कॉम्प्युटरवरचे ‘रामबाण’ उपाय: एकेक तपासून पाहू

कॉम्प्युटर जुना झालाय, सुरू व्हायलाच फार वेळ घेतो, अशी तक्रार कुणी केली की थोड्याच वेळात तो ठरलेला संदेश हजर होतो. टेम्प आणि प्रीफेच ही फोल्डर रोज रिकामी करा, रजिस्ट्री क्लीनर चालवा, एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या वाढवा, रॅम बूस्टर टाका, दर आठवड्याला डीफ्रॅग करा; एवढं करूनही फरक पडला नाही तर प्रोसेसर थकलाय, नवीन मशीन घ्या. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण या सल्ल्यापायी लोकांचा वेळ जातो, पैसे जातात आणि कधीकधी वर्षानुवर्षं जपलेले फोटोही जातात, म्हणून हे लिहितो आहे.

टेम्प म्हणजे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर. ते रिकामं करण्यात तोटा नाही. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर फायदाच होतो. प्रीफेचचं मात्र उलटं आहे. एखादा प्रोग्राम उघडताना कोणकोणत्या फाइली लागतात याची नोंद विंडोज तिथे ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी त्या आधीच वाचून घेता येतात. ही सोय विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून आहे, आणि जुन्या नोंदी विंडोज स्वतःच काढून टाकतं. त्या आपण रोज पुसल्या तर प्रोग्राम उघडायला उलट जास्त वेळ लागतो.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आणि प्रोग्राम आपली सेटिंग जिथे ठेवतात त्या कोठारात, लाखो नोंदी असतात हे खरं. पण विंडोज त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत बसत नाही, हवी ती नोंद थेट शोधतं. शे-दोनशे बेवारस नोंदी काढून वेग वाढत नाही. कामाची एखादी उडाली तर प्रोग्राम बंद पडतो. अशा क्लीनरना आपला पाठिंबा नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्टनेही सांगितलेलं आहे.

प्रोसेसरच्या संख्येचा मुद्दा सर्वांत जास्त पसरलेला आणि पूर्णपणे चुकीचा. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग-प्रोग्रामच्या बूट टॅबमधला तो पर्याय चाचणीसाठी दिलेला आहे: मुद्दाम कमी कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) वापरून पाहण्यासाठी. तिथे खूण नसते तेव्हा विंडोज सगळे कोअर वापरतंच. खूण करून सर्वांत मोठा आकडा निवडला तरी पदरात काही पडत नाही, आणि चुकून छोटा निवडला गेला तर मशीन खरोखर मंद होतं. शेजारचा मॅक्झिमम मेमरीचा चौकोनही असाच, मर्यादा घालणारा. कुणाच्या सांगण्यावरून या खुणा केल्या असतील तर आजच काढा.

रॅम म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी. रॅम बूस्टर चालवला की मोकळ्या रॅमचा आकडा वाढलेला दिसतो, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. प्रत्यक्षात तो चालू प्रोग्रामची माहिती जबरदस्तीने रॅमबाहेर काढतो. त्या प्रोग्रामकडे परत वळलात की तीच माहिती पुन्हा डिस्कवरून आणावी लागते, आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी पटींनी हळू असते.

आता डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलचे तुकडे एकत्र आणणं. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला त्याचा उपयोग होतो, पण विंडोज ते ठरलेल्या वेळी आपणहून करतं. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या नव्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे फाइलचे तुकडे एकत्र आणून वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. लिहिण्याची मर्यादित क्षमता मात्र खर्च होते. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. जुन्या मशीनच्या मंदपणाचं एक नेहमीचं कारण म्हणजे मरायला टेकलेली हार्ड डिस्क. खराब झालेला भाग ती पुन:पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि तेवढा वेळ सगळं गोठतं. अशा डिस्कवर डीफ्रॅग चालवणं म्हणजे तिला तासन्‌तास वाचायला आणि लिहायला लावणं. त्यात ती कायमची जाऊ शकते.

म्हणून कुठलाही उपाय करण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि सीपीयू, मेमरी, डिस्क यांपैकी काय सतत शंभर टक्क्यांजवळ आहे ते पाहा. डिस्क शंभरावर असेल तर दोन शक्यता. एक, रॅम कमी पडतेय किंवा सुरुवातीलाच ढीगभर प्रोग्राम सुरू होताहेत. स्टार्टअप टॅबमधले नको ते बंद करा. दुसरी, डिस्कच आजारी आहे. काहीही चालू नसताना ती शंभरावर आहे, प्रतिसादाचा वेळ हजारो मिलिसेकंद दिसतोय, टकटक आवाज येतोय, तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. मगच क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रामने तिची तब्येत पाहा. रीॲलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) किंवा पेंडिंग (संशयास्पद) सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे भाग, वाढत चालले असतील तर ती डिस्क बदलायचीच.

शेवटचा दावा, प्रोसेसर थकतो. वयामुळे त्याचा वेग उतरत नाही. ब्राउझर आणि वेबसाइट जड होत गेल्या हे खरं, आणि २०१८ मध्ये मेल्टडाउन, स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटींवर आलेल्या दुरुस्त्यांनी जुन्या प्रोसेसरना थोडं मागे ओढलं हेही खरं. पण पुष्कळदा कारण साधं असतं: पंख्यात धूळ अडकते, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, सुकतो, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मशीन बंद करून, पंखा बोटाने धरून धूळ उडवा.

मग खरा फरक कशाने पडतो? जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्याने. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे विखुरलेल्या फाइली ती सेकंदाला जेमतेम शंभरेक वेळा वाचू शकते. साटा या नेहमीच्या जोडणीची साधी एसएसडीही हजारो वेळा वाचते. जुन्या साटा २ जोडणीवरही हा फरक लगेच जाणवतो. रॅम ४ जीबी असेल आणि मदरबोर्ड परवानगी देत असेल तर ८ करा. विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नसेल, तर त्याच एसएसडीवर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून ब्राउझिंग, ईमेल आणि लिखाण आरामात चालवता येतं.