‘साठीनंतर खुब्याचं ऑपरेशन नको’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कुडाळ, मालवण, वेंगुर्ल्याच्या वाडीवाडीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: साठीनंतर खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशन करू नका. तीन महिने अंथरुणावर पडून राहिलं की हाड आपलं आपण जुळतं, वरून पाला बांधला तर लवकर. ऑपरेशन झालेली माणसं वर्षभरात जातात. बसवलेला सांधा दहा वर्षांत निकामी होतो आणि त्यातला धातू रक्तात उतरून विष होतो. एवढं करून माणूस पुन्हा कधी खाली बसू शकत नाही. हे सगळं डॉक्टरांच्या कमिशनसाठी चालतं. शेवटी हात जोडलेले आणि ‘दहा जणांना पाठवा’.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन झालेल्यांना, आणि न झालेल्यांनाही, घरी जाऊन उठवायचं-चालवायचं हे माझं काम. कुणी ऑपरेशन केलं काय आणि नाही काय, माझी फी तीच. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पहिला प्रश्न तोच येतो.

हाड आपलं आपण जुळतं?

अर्धं खरं आहे, म्हणून तर लोकांना पटतं. खुब्याजवळ मांडीचं हाड बहुतेक वेळा दोनपैकी एका जागी मोडतं. एक जागा खुब्याच्या वाटीत फिरणाऱ्या गोळ्याच्या खालची मान. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या याच मानेला चिकटून वर जातात. मान मोडून सरकली की त्या तुटतात, गोळ्याचं रक्त बंद होतं आणि तो मरत जातो. शिवाय ही जागा सांध्याच्या पिशवीच्या आत येते. इतर हाडांभोवती जुळणीचं नवं हाड जसं धरतं तसं इथे धरत नाही. म्हातारपणी सरकलेली मान नुसतं पडून राहून जुळेल ही आशा फोल आहे, म्हणून तिथे गोळाच बदलतात.

दुसरी जागा मानेखालच्या रुंद हाडाची. इथे रक्त भरपूर, आणि हाड खरोखर जुळतं. दहा-बारा आठवडे घेतं. पण स्नायू ओढत राहतात, त्यामुळे पाय आखूड आणि बाहेर वळलेला असा जुळतो. आणि तेवढे आठवडे म्हाताऱ्या माणसाने पाठीवर काढायचे. इथे रॉड घालतात तो मुख्यतः माणसाला लवकर उभं करता यावं म्हणून.

पाल्याबद्दल मला कुणाशी वाद घालायचा नाही. घोटा मुरगळला, मनगट दुखावलं, तर गावच्या हाडवैद्याकडे जाऊन आराम पडलेली माणसं मी पाहते. खुबा मात्र इतक्या मांसाखाली आहे की लेपाचा तिथे काही इलाज चालत नाही, आणि चोळून पाय ओढला तर न सरकलेलं हाडही सरकतं. वेंगुर्ल्याकडच्या एका आजी पडल्यावर काही दिवस घरात फिरत होत्या. ‘चालता म्हणजे मोडूक नाय’ असं सगळ्यांनी ठरवलं होतं. मान मोडून एकमेकांत रुतून बसली की माणूस दुखत-दुखत चालू शकतो. मग एका सकाळी न्हाणीच्या उंबऱ्यावर पाय टेकताना ती सुटते. पडल्यानंतर जांघेत दुखत असेल तर चालता येत असलं तरी एक्स-रे काढा, आणि त्यात काही दिसलं नाही पण दुखणं हटत नसेल तर सीटी किंवा एमआरआयबद्दल विचारा.

आता त्या ‘तीन महिने विश्रांती’बद्दल. पडून राहिलेल्या माणसाच्या घरी गेले की मी आधी पाय बघत नाही, त्यांना कुशीवर वळवून माकडहाड बघते, मग टाचा. तिथे लाल डाग असेल तर त्यावर बोट दाबून उचलायचं. डाग क्षणभर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर आत जखम सुरू झाली आहे, वर कातडी धड दिसत असली तरी. कोकणातल्या पावसाळ्यात, दमट गादीवर, डायपरच्या ओलीत ती जखम बघता बघता वाढते. छातीत कफ साठणं, लघवीचा जंतुसंसर्ग, पोटरीत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं, मांडीचे स्नायू ओसरणं, हे सगळं त्याच ‘विश्रांती’त घडतं. मेसेज लिहिणाऱ्याने अशी गादी कधी बदलली नसावी.

ऑपरेशन झालेली माणसं वर्षभरात जातात?

काही जातात. जगभरच्या आकडेवारीत खुबा मोडलेल्या म्हाताऱ्यांपैकी साधारण २० ते ३० टक्के वर्षभरात दगावतात, आणि हा आकडा मी कुठल्याही घरच्यांपासून लपवत नाही. पण तो हाड मोडण्याचा आकडा आहे. ज्याचं हाड घरात घसरून मोडतं त्याचं हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड आधीच थकलेली असतात, आणि त्यावर हा घाव बसतो. ऑपरेशन न झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण याहून बरंच जास्त आढळतं. त्यात मुळातच खंगलेली माणसं अधिक असतात हे खरं. पण मेसेज उलटंच सांगतो.

वेळेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे घोळ तिथे होतो. ब्रिटनमधली नाइस या संस्थेची मार्गदर्शक सूचना आहे की ऑपरेशन दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाला उठवावं. २०२० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १७ देशांतल्या जवळपास तीन हजार रुग्णांचा अभ्यास आला. निदानानंतर सुमारे सहा तासांत ऑपरेशन केलेले आणि सुमारे २४ तासांनी केलेले, यांच्यात मृत्यूचं प्रमाण सारखंच निघालं. लवकर केलेल्यांना भ्रम कमी झाला आणि ती लवकर उभी राहिली. म्हणजे कुडाळहून गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळात किंवा घाट चढून कोल्हापूरला जाण्यात गेलेल्या तासांनी घाबरून जायचं कारण नाही. ‘बघू, मुंबईचो झिल येवांदे’ म्हणत, मुंबईच्या मुलाची वाट बघत घालवलेले पाच-सहा दिवस महाग पडतात. झिलाला रेल्वेचं तिकीट मिळेपर्यंत आवशीची, म्हणजे आईची, संमतीची सही, तिला समज असेल तर, तिची तिने करावी.

ऑपरेशन न करणं शहाणपणाचं ठरतं अशी माणसंही असतात. आधीपासून अंथरुणाला खिळलेली, विस्मृतीने घेरलेली, आयुष्याचे थोडेच दिवस उरलेली. नेदरलँड्समध्ये वृद्धाश्रमांतल्या अशा रुग्णांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. नीट बोलून, समजून ज्यांनी ऑपरेशन टाळलं त्यांचे उरलेले दिवस ऑपरेशन केलेल्यांपेक्षा वाईट गेले नाहीत. मात्र त्यांतले बहुतेक लवकर गेले आणि त्यांना वेदनेवर पुरेसं औषध दिलं गेलं. हा निर्णय माणूस बघून घ्यायचा असतो. साठीची रेघ त्यात कुठून आली? साठीची माणसं आपल्याकडे माडावर चढतात.

भ्रमाचं मात्र नातेवाइकांना आधी कुणी सांगत नाही. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आजोबा सुया काढतात, होडी वल्हवल्यासारखे हात करतात, मेलेल्या भावाला हाक मारतात. घरचे म्हणतात, भूल डोक्यात गेली. बहुतेकांचं ते काही दिवसांत उतरतं, काहींना जास्त वेळ लागतो. चष्मा आणि कानाचं मशीन परत लावा, ओळखीचं माणूस जवळ बसवा, दिवसा खिडकी उघडी ठेवा, आणि डॉक्टरांना सांगा; त्यामागे जंतुसंसर्ग किंवा लघवी अडकणं असू शकतं.

पुन्हा खाली बसता येत नाही?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. ‘बाय, माका पाटार बसूक कधी गावतला?’ आणि आपल्याकडे तो लाडाचा प्रश्न नाही. जेवण पाटावर, नारळ खोवायचा तो खाली बसून, गणपतीची पूजा खाली बसून, आणि पायखाना अजूनही पुष्कळ घरांत उकिडवं बसायचा, तोही मागीलदारी.

मेसेजने तीन वेगळी ऑपरेशनं एकाच टोपलीत टाकली आहेत. रॉड घातलेल्याचा सांधा त्याचा स्वतःचाच असतो. हाड जुळलं, ताकद आली की बरेच जण हळूहळू खाली बसतात. नुसता गोळा बदललेला आणि वाटीसकट पूर्ण सांधा बदललेला, यांना सांधा निखळण्याची भीती असते, मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत. सांध्याच्या मागच्या बाजूने ऑपरेशन झालं असेल तर खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही. ही बंधनं साधारण सहा ते बारा आठवडे. नक्की किती ते ज्याने ऑपरेशन केलं त्याने सांगायचं. त्यानंतर मांडी घालायची परवानगी काही जणांना मिळते. एका भजनी मंडळातल्या पखवाजवाल्याचा पूर्ण सांधा बदलला. दारू आणि स्टेरॉइड, दोन्हींमुळे गोळ्याचं रक्त तुटतं. त्याला कुठल्याशा ‘सांधेदुखीच्या पुडी’तल्या स्टेरॉइडने गाठलं असावं, असा डॉक्टरांचा अंदाज होता. आज तो खाटेवर मांडी घालून वाजवतो. मांडीपेक्षा खाली जाण्याचा आणि उठण्याचा क्षण त्रासाचा, आणि खाट तो क्षण वाचवते. जमिनीवरची पंगत त्याला बंद आहे, ते त्याला सलतं, आणि सलणारच.

म्हणून मी ऑपरेशनच्या आधी, निदान घरी आणण्याआधी, घर बघायला जाते. खाट ठेंगणी असली तर पायांखाली चिरे घालून उंच करायची, आणि ती हलत नाही ना हे आपण बसून बघायचं. प्लास्टिकची खुर्ची एकटी ठेंगणी पडते आणि सरकते. एकात एक दोन घातल्या की उंची येते आणि दमही येतो. हात असलेल्याच घ्यायच्या. कमोडची खुर्ची खोलीतच ठेवायची, रात्री मागीलदारी जायचं नाही. साडीचा घोळ वॉकरमध्ये अडकतो, काही दिवस मॅक्सी बरी. वॉकरच्या टोकांची रबरं झिजली की फरशीवर सरकतात. मेडिकलमध्ये जोडी मिळते, ती बदलायची. काठी दुखऱ्या बाजूला धरायची नाही, समोरच्या हातात धरायची. हे सांगूनही दहातले आठ उलटंच धरतात. पायऱ्या चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि ऑपरेशनचा पाय. खळ्यातून पडवीत येणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्यांना श्रावणात शेवाळ धरतं, ते खरवडून एका बाजूला लोखंडी कठडा लावून घ्या. पहिल्यांदा पडायचं कारणही बहुधा तेच असतं.

धातूचं विष, दहा वर्षांची मुदत

या अफवेच्या मुळाशी खरी घटना आहे. डेप्यू कंपनीने आपला एएसआर नावाचा सांधा ऑगस्ट २०१०मध्ये जगभरातून परत मागवला. त्यात धातूचा गोळा धातूच्या वाटीत फिरे, घासून कोबाल्ट आणि क्रोमियम सुटे, आसपासचं मांस खराब होई. भारतातही सुमारे ४,७०० जणांना तो बसवला गेला होता. २०१८ साली केंद्र सरकारने ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपयांपर्यंत भरपाईचं सूत्र ठरवलं, पण बरेच रुग्ण शोधूनही सापडले नाहीत. आज सर्रास बसवतात त्या सांध्यात धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा टिकाऊ प्लास्टिकच्या अस्तरात फिरतो. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ साली रूढ केलेली कल्पना मुळात हीच. तरी त्या प्रकरणातून एक गोष्ट उचला: सांध्याच्या खोक्यावरचा कंपनीचं नाव आणि बॅच नंबर असलेला स्टिकर फाइलमध्ये चिकटवलाय ना ते बघा, आणि ती फाइल जमिनीच्या सातबाऱ्याबरोबर ठेवा.

मुदतीचं म्हणाल तर २०१९ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या आढाव्यानुसार पूर्ण बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षं टिकतात. ते आकडे मुख्यतः सांधा झिजल्यामुळे बदललेल्यांचे, ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधले आहेत. ऐंशीच्या आजीला यातलं काय लागू पडतं ते तुम्हीच बघा.

कमिशनबद्दल: ते चालत नाही असं मी म्हणणार नाही. केंद्राने ऑगस्ट २०१७मध्ये गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीला मर्यादा घातली, त्या आदेशात खुबा नव्हता. म्हणून सांध्याचं बिल वेगळं मागा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेतलं इस्पितळ असेल तर पैसे भरायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवा. लुबाडणूक टाळायचे मार्ग आहेत. हाड मोडलेलं ठेवणं हा त्यांतला नव्हे.

मेसेजमध्ये नसलेलं

एक खुबा मोडलेल्याचा दुसरा मोडण्याची शक्यता बरीच वाढलेली असते, कारण हाडं तीच ठिसूळ. ‘आम्ही मासे खातो, आमची हाडं घट्ट’ हे मी रोज ऐकते. पाळी गेल्यानंतर बाईचं हाड जे ओसरतं ते तारल्याच्या कालवणाने पुरेसं भरून निघत नाही. झोलेड्रॉनिक ॲसिड नावाचं औषध वर्षातून एकदा सलाइनमधून देतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांत ते सुरू केलेल्यांचा मोठा अभ्यास २००७ साली झाला. त्यात नवी हाडं मोडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी आणि मृत्यूचं २८ टक्क्यांनी कमी आढळलं. ते देण्याआधी मूत्रपिंडाची आणि डी जीवनसत्त्वाची तपासणी लागते. मी पाहते त्यांतल्या बहुतेक डिस्चार्ज कार्डांवर नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या लिहिलेल्या असतात. टाके काढायला जाल तेव्हा ते कार्ड पुढे करून विचारा: हाड पुन्हा मोडू नये म्हणून यात काय लिहिलंय?