प्रतिक्रियेला उत्तर : ‘कष्ट नकोत’ या शेऱ्याविषयी

महोदय,

कोकणातला लहान शेतकरी वैरणीचे गवत लावायला का कचरतो, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो : आपल्या मते मी सबबी गोळा करून त्यांना कारणांचे नाव दिले, लेखात उत्पादनाचा एकही आकडा नाही, संकरित नेपिअर या वैरणीच्या गवताची पहिली कापणी मी लिहिली तशी चाळीस दिवसांत होत नाही, घाटावर चार गुंठ्यांत दोन गाई पोसल्या जातात, आणि ‘मुळात कोकणातल्या माणसाला कष्ट नकोत’.

कापणीबाबत आपले बरोबर आहे. पहिली कापणी लावणीनंतर दोन ते अडीच महिन्यांनी येते आणि पुढच्या कापण्या साधारण दीड महिन्याच्या अंतराने होतात. माझ्याकडून दोन्हींची गल्लत झाली. ती दाखवून दिल्याबद्दल आभारी आहे.

शेवटचे वाक्य मात्र मी सोडून देऊ शकत नाही. मतभेद मला चालतो, पण ज्यांच्या गोठ्यात आपण कधी उभे राहिला नाहीत, त्यांच्याविषयी असे एका ओळीत लिहून मोकळे होण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? माझी आई दिवाळीनंतर महिनाभर वरकसावर, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीवर, गवत कापायला जात असे. उतारावरून भारा डोक्यावर घेऊन येणे, अंगणात तो वाळवणे, उडवी रचणे, आणि त्याच गवतातून तरवा, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजण्यासाठी जाळायचा राब वेगळा काढून उरलेले मृगापर्यंत पुरवणे हे सगळे तिने एकटीने केले, कारण वडील मुंबईत गिरणीत होते. तिच्या मानेचे दुखणे अखेरपर्यंत गेले नाही. आपले वाक्य तिलाही लागू होते, हे लिहिताना आपल्या मनात आले होते का?

मी स्वतः नेपिअर लावलेले आहे, ऐकीव लिहीत नाही. एका योजनेतून मिळालेली ठोंबे भरपावसात हाती आली, तरी विहिरीजवळच्या तीन गुंठ्यांत ती जोमाने फुटली. अडचण अशी की आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण तो चार महिन्यांत आटोपतो, आणि जांभ्याच्या जमिनीत तो टिकत नाही. नेपिअर जेव्हा माणसाच्या उंचीला येते तेव्हा बांधावर, परसात, कातळावर सगळीकडे फुकटचे हिरवे गवत असते. गुरांना खरी गरज शिमग्यापासून मृगापर्यंत. तेव्हा पऱ्या, म्हणजे ओढा, आटलेला असतो आणि विहिरीतले चार हंडे आंब्याच्या कलमांना घालायचे की गवताला, हा प्रश्न असतो. माझ्या शेजाऱ्यांनी कलमांना घातले, मीही घातले. त्यात आळस कुठे आला?

त्यातूनही जे जगले ते भात कापून झाल्यावर गेले. कापणी झाली की गावची गुरे मोकळी सुटतात आणि हिरवे दिसेल तिथे शिरतात; ही जुनी वहिवाट आहे, तिला नावे ठेवून उपयोग नाही. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालावा तर सात-बाऱ्यावर अकरा नावे, त्यांतली सात मुंबईला, आणि त्यांच्या संमतीशिवाय चिरा बसवला तर भांडण. आमच्या वाडीत मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी गवताला वाईट म्हटले नाही. पेंढ्याने पोट भरते, दूध वाढत नाही, हे त्यांना आपल्या-माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पण त्यांची गावठी गाय दूध थोडेच देते, ती मुख्यतः शेणासाठी ठेवलेली असते, आणि शेणखतासाठी पाणी, कुंपण आणि मजूर यांवर खर्च करणे त्यांच्या हिशेबात बसत नाही. ज्या दोघांनी संकरित गाई घेऊन डेअरीला दूध घालायला सुरुवात केली, त्यांनी कोणी न सांगता गोठ्याच्या सांडपाण्यावर चार-चार ओळी लावल्या. हा अनुभव मूळ लेखात होता. आपण तो वाचला नसावा, अन्यथा सबबींचा आरोप केला नसता.

हेक्टरी टनांचे आकडे कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत छापलेले असतात. ते पुन्हा उतरवून काढणे हा माझ्या लेखाचा हेतू नव्हता. कालव्याच्या पाण्यावरचा घाट आणि कातळावरचे आमचे गाव यांची तुलना मला पटत नाही, एवढेच म्हणतो.

चाळीस दिवसांचे वाक्य आज दुरुस्त केले आहे. बाकीचा मजकूर आहे तसाच राहील. आपली प्रतिक्रियाही मी काढणार नाही. फक्त पुढच्या वेळी गवताविषयी लिहावे, माणसांच्या स्वभावाविषयी नको.