खुलासा: सँडर्स आणि सुपरडेलिगेट

2016 मध्ये अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षात राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी बर्नी सँडर्स आणि हिलरी क्लिंटन यांच्यात लढत होती. उमेदवार पक्षाच्या अधिवेशनातले प्रतिनिधी निवडतात; त्यांतले सुपरडेलिगेट म्हणजे मतदानातून न ठरलेले, पक्षाचे पदसिद्ध प्रतिनिधी. ‘2016 मध्ये बर्नी सँडर्स यांना मतं जास्त होती, पण सुपरडेलिगेटांनी हिलरी क्लिंटन यांना उमेदवारी दिली’ असा मेसेज फिरतोय. गेल्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे.

क्लिंटन यांना सुमारे 1 कोटी 69 लाख मतं होती, सँडर्स यांना 1 कोटी 32 लाख. मतदानातून ठरलेले प्रतिनिधी 2205 विरुद्ध 1846. म्हणजे सुपरडेलिगेट पूर्ण वगळले तरी क्लिंटनच पुढे. पक्षाच्या अधिवेशनाआधी राज्याराज्यांतले आकडे जाहीर झाले होते. मी ते आता जुळवून पाहिले.

मेसेजमधलं दुसरं वाक्य, ‘हरल्यावर त्यांना पक्षात कोणी विचारलं नाही’, हे मला जास्त खटकतं. त्याच वर्षी सँडर्स यांची तासाला 15 डॉलर किमान वेतनाची मागणी डेमोक्रॅटिक पक्षाच्या जाहीरनाम्यात आली. ऑगस्ट 2018 मध्ये, शिकागोच्या बैठकीत, चुरस असेल तर सुपरडेलिगेटांनी अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीत मत द्यायचं नाही असा नियम झाला. सँडर्स समर्थकांनी तो दोन वर्षं लावून धरला होता.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा टाका.