'मग करणार काय?' आणि कौलावरचं १८६५

गेल्या रविवारी ताई, भाऊजी आणि भाची आमच्याकडे नौपाड्यात जेवायला होते. भाची बारावीत आहे. जेवणं आटोपून बडीशेप फिरत असताना तिने जाहीर केलं, की तिला आर्किटेक्चर करायचं नाही, आर्किटेक्चरचा इतिहास करायचाय. तोही पदवीलाच. भाऊजींनी बडीशेपेची वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी चोवीस वर्षं ठाण्यात आर्किटेक्ट म्हणून काम करते, त्यामुळे या विषयातलं शेवटचं अपील घरात माझ्याकडे येतं. "मग करणार काय?" हा प्रश्न त्यांनी तिला नाही, मला विचारला.

मी जे उत्तर दिलं ते अगदी गुळमुळीत होतं. "आधी बी.आर्क. कर, नाव नोंदणी होऊ दे, इतिहास काय, पुढे मास्टर्सला करता येतो." हेच मी आजवर निदान दहा मुलांना सांगितलंय. भाची काही बोलली नाही, फक्त ताट उचलून आत गेली. आठवडाभर ते ताट उचलणं माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितेय. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्हाला कॉलेजात 'एचओए' होता, हिस्टरी ऑफ आर्किटेक्चर. तास दुपारी डबा खाऊन झाल्यावर, वर्गात अंधार, स्लाइड प्रोजेक्टरची खटक-खटक. इजिप्त, ग्रीस, रोम, गॉथिक, रेनेसाँ अशी गाडी ठरलेल्या स्टेशनांवर थांबत जायची आणि डब्यातले निम्मे प्रवासी झोपलेले असायचे. परीक्षेआधी फ्लेचरच्या वास्तुकला-इतिहासाच्या जाड ठोकळ्यातल्या प्लेट्स, म्हणजे पानभर चित्रं, ट्रेसिंगवर उतरवायच्या, की झालं सबमिशन. पार्थेनॉनच्या दर्शनी बाजूचे आठ खांब मी आजही झोपेत काढून दाखवीन.

लायब्ररीतल्या जुन्या आवृत्तीत एक झाडाचं चित्र होतं. फ्लेचर पिता-पुत्रांचं हे पुस्तक मूळ १८९६ चं. हे झाड त्यात नंतर आलं. मधलं खोड ग्रीस-रोमचं, ते वर वाढत वाढत युरोप-अमेरिकेपर्यंत जातं. भारत, चीन, जपान वगैरे मंडळी खालच्या बाजूच्या फांद्यांवर, आणि त्या फांद्या पुढे वाढतच नाहीत. या सगळ्यांना त्या पुस्तकात 'अनैतिहासिक शैली' असं नाव होतं. म्हणजे वेरूळला इतिहास नाही, फक्त नक्षी आहे! आम्ही ते झाडही मन लावून ट्रेस केलं. कोणालाच काही खटकलं नाही. मलाही नाही, माझं लक्ष पानांच्या शेडिंगकडे होतं.

फ्लेचरच्या साठ वर्षं आधी, १८३४ मध्ये, राम राझ यांचा हिंदू वास्तुकलेवरचा इंग्रजी निबंध लंडनमध्ये छापला गेला होता. हे गृहस्थ बंगळुरात न्यायखात्यात होते. 'मानसार'सारख्या संस्कृत ग्रंथांतले बांधकामाचे शब्द घेऊन त्यांचा अर्थ त्यांनी उभ्या देवळांशी ताडून पाहिला. पुस्तक छापून आलं तेव्हा ते हयात नव्हते. त्यांचं नाव मी चाळिशी ओलांडल्यावर ऐकलं, तेही एका व्याख्यानाला पावसामुळे अडकून पडले म्हणून.

आता माझी स्वतःची फजिती सांगते. दहाएक वर्षांपूर्वी नौपाड्यातलं एक जुनं कौलारू घर पुनर्विकासाला आमच्याकडे आलं. ओटी, माजघर, मागे पडवी, वर माळा. मालक आजोबांनी विचारलं, "घर किती जुनं असेल हो?" मी रुबाबात एक कौल उतरवून उलटं केलं. खाली ठसा: बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. "आजोबा, घर १८६५ चं आहे!" आजोबा इतके खूश झाले, की घराचा निरोप घ्यायला सगळा गोतावळा जमवला आणि निमंत्रणावर 'आमच्या १८६५ सालच्या वास्तूत' असं छापून घेतलं.

त्या जेवणावळीला संवर्धनाचं काम करणारी माझी एक मैत्रीण आली होती. तिने कौल हातात घेतलं आणि हसायलाच लागली. १८६५ हे मंगळुरातला तो कारखाना सुरू झाल्याचं साल. ते पुढची कित्येक वर्षं कौलांवर ठोकलेलं असे. मग ती मागच्या पडवीत गेली. तिथल्या कौलांवर वेगळाच ठसा होता, कॉमनवेल्थ ट्रस्टचा. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्या मिशनची (ही ख्रिस्ती धर्मप्रसारकांची संस्था) मालमत्ता ताब्यात घेतली, कारण मिशनमध्ये जर्मन माणसं होती, आणि युद्धानंतर कारखाने या ट्रस्टकडे गेले. म्हणजे पडवीचं छप्पर तरी १८६५ चं असणं शक्यच नव्हतं. माळ्याखालच्या लोखंडी गर्डरवर 'डॉर्मन लाँग' हे इंग्लंडमधल्या कंपनीचं नाव उमटलेलं होतं, त्यावरून अजून काही निघालं असतं. जिन्याच्या कठड्यावरून आणखी काही. पण पुढच्या आठवड्यात घर पाडायचं ठरलेलं होतं आणि ते पडलं. माझ्याकडे दर्शनी बाजूचे चार फोटो उरले आणि एक चुकीचं साल. आजोबांना मी खरं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

पाच वर्षं आर्किटेक्चर शिकून मला एक कौल वाचता आलं नाही. आणि यात कॉलेजची फार चूक नाही. तिथे आम्हाला इमारत *करायला* शिकवत होते, इमारत *वाचायला* नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मान्य करायला मला इतकी वर्षं लागली.

डिझाइनचं शिक्षण तुम्हाला पटकन मत द्यायला शिकवतं. ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढे, शीट लावली, की पाच मिनिटांत चांगलं-वाईट ठरतं. इतिहासवाला उलट करतो, मत खिशात ठेवतो आणि आधी विचारतो, की हे असं *का* आहे? कार्ल्याच्या लेण्यातल्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, वर पाहा. दगडातच कोरलेलं छत, त्याला खाली लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत. साधारण दोन हजार वर्षं त्या लाकडाच्या फासळ्या तिथे आहेत. भार पेलायला त्यांची गरजच नाही, डोंगर स्वतःला पेलतो. डिझाइनच्या नजरेने ते निरुपयोगी आहे. इतिहासाच्या नजरेने तो पुरावा आहे, की कोरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लाकडी इमारती होत्या आणि त्या इमारतींतली आज एकही शिल्लक नाही.

किंवा अजिंठा. वॉल्टर स्पिंक नावाचे अमेरिकन अभ्यासक उभं आयुष्य तिथे येत राहिले. त्यांचं म्हणणं, की उत्तरकाळातली सगळी लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या आसपास, जेमतेम वीसेक वर्षांत झाली. सगळ्यांना ते पटलेलं नाही, वाद चालूच आहे. मला गंमत वाटते ती त्यांच्या पुराव्याची. चित्रांइतकंच लक्ष त्यांनी दरवाजांकडे दिलं. दाराची फळी ज्या खाचेत फिरते ती खाच कोणत्या लेण्यात कशी कोरलीय, कुठे सुधारलीय, कुठे घाईत सोडलीय, यावरून त्यांनी क्रम लावला. बिजागरीच्या जागेवरून साम्राज्याचा काळ! हे काम दुपारच्या अंधाऱ्या तासात होत नाही. त्याला चार वर्षं पूर्णवेळ लागतात, आणि डोळा कोवळा असताना लागतात.

गुरुवारी मी भाचीला घेऊन पनवेल लोकलने बेलापूरला गेले, सेक्टर ८ मधल्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये. खरं तर तिची परीक्षा घ्यायला. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया हे नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक, दुसरे दोघे प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल. नवी मुंबई उभारणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली १९७० मध्ये, आणि ही वसाहत कोरियांनी १९८३ ते ८६ दरम्यान केली. सात घरं एका लहान चौकाभोवती, चौक आठ मीटर बाय आठ मीटर. अशा तीन चौकांचा मिळून मोठा गट, मध्ये मोठी मोकळी जागा. उतरती कौलारू छपरं, हाताने वाढवता येतील अशी घरं. आमच्या पिढीने याचे फोटो देवघरात ठेवल्यासारखे जपलेत.

आज तिथे गेलात तर मूळ घरं शोधावी लागतात. बरीच पाडून जागी दोन-तीन मजली बंगले झालेत. संगमरवर, स्टीलची रेलिंग, गॅलरीला काचा. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "वाट लावली."

भाची म्हणाली, "मावशी, पण दोन घरांत कॉमन भिंत नाहीये. म्हणजे वाढवा असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं ना?"

खरं होतं. कोरियांनी घरं मुद्दाम सुटी ठेवली, शेजाऱ्याला न विचारता वाढवता यावीत म्हणून. मग ती मला सोडून एका ओट्यावर बसलेल्या काकांशी बोलायला गेली. वरचा मजला कधी चढवला, पैसे कुठून आले, सुतार कुठला, जुनी कौलं काय केली. काकांनी आठवून आठवून सांगितलं: थोरल्याचं लग्न ठरलं तेव्हा. कौलं गावी नेली, गोठ्यावर घातली. अर्ध्या तासात तिच्या वहीत एका घराचा तीस वर्षांचा हिशोब होता. मी तोवर रेलिंगवर नाक मुरडत उभी होते. परीक्षा तिची नव्हतीच.

आणि ठाण्यात तर काय, रान मोकळं आहे. मासुंदा तलावापासून पायी निघा. कौपिनेश्वराचं देऊळ, सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च, टेंभी नाक्यावरचं बेने इस्रायली ज्यूंचं १८७९ चं सिनेगॉग (प्रार्थनागृह), आणि पुढे कारागृह, जो मुळात किल्ला आहे: पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांकडे आला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये निसटले ते इथूनच. लोकलने थोडं पुढे गेलं, की अंबरनाथचं शिलाहार राजांच्या काळातलं शिवमंदिर, शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०. भूमिज शैलीचं (शिखरावर छोट्या शिखरांच्या ओळी रचलेलं) हे देऊळ पाहायला श्रावणात रांग लागते, पण शिखर असं का दिसतं आणि गाभारा खाली का उतरलाय, हे विचारणारं माणूस मला त्या रांगेत अजून भेटलेलं नाही. आम्ही आर्किटेक्ट लोक तर तिथे फिरकतही नाही, आम्हाला एफएसआयची, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल याची, गणितं असतात.

आता भाऊजींचा प्रश्न. तो फालतू नाही.

बाहेर अशी पदवी आहे. एडिंबरा विद्यापीठात वास्तुकलेचा इतिहास चार वर्षांच्या ऑनर्सला घेता येतो, अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात आहे. त्या फीचा विषय आमच्या घरात दोन मिनिटांत संपला. इथे जवळचा रस्ता म्हणजे बी.ए.ला प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय, मुंबईत झेवियर्सला आहे, साठये कॉलेजला आहे. पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजला पुरातत्त्व. पण संवर्धनाच्या एम.आर्क.ला जायचं म्हटलं, की दारावरच बी.आर्क. मागतात. आणि १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टप्रमाणे नोंदणीशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, म्हणजे ते लायसन्स हिला कधीच मिळणार नाही. पगाराचं तर बोलायलाच नको. संग्रहालयं, हेरिटेज अहवाल लिहिणारी छोटी ऑफिसं, पुरातत्त्व खात्याच्या परीक्षा, शिकवणं. कामं आहेत, पण थोडी आहेत आणि पैसे उशिरा येतात.

हे सगळं मी भाऊजींना फोनवर न लपवता सांगितलं. पण एक प्रश्नही विचारला. माझ्याकडे लायसन्स आहे. मी गेल्या वर्षभरात डिझाइन किती केलं? पार्किंग बसवलं, टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) मोजला, सोसायटीच्या सभांमध्ये कोणाला किती कार्पेट एरिया वाढवून मिळणार यावर भांडणं सोडवली. 'मग करणार काय' हा प्रश्न मला अठराव्या वर्षी कोणीच विचारला नव्हता, कारण सगळ्यांना वाटलं उत्तर माहीत आहे.

तर माझा सल्ला मी बदललाय. तिने बी.ए.लाच जावं, पण पहिल्या वर्षापासून मोजमाप आणि ड्रॉइंग शिकावं. इमारतीवर नुसतं वाचून लिहिणारे खूप आहेत, टेप धरून जिन्याखाली वाकणारे कमी. मोडी लिपी शिकावी, जुनी दप्तरं आणि सातबारे वाचता यावेत. ड्रॉइंग मी शिकवीन, शनिवारी, फुकट. आता चार वर्षांच्या पदवीत मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषय आणि जोडविषय, आलंय, तर इतिहासाबरोबर वास्तुकला मायनर द्यायला एखाद्या विद्यापीठाला काय हरकत आहे, हे मला खरंच कळत नाही. शिकवायला माणसं मिळतील. मीच येईन मागच्या बाकावर बसायला. भाऊजी अजून 'बघू' म्हणतायत. ताईने मात्र मोडीच्या वर्गाची चौकशी केलीय.

तोवर एक काम. नौपाडा, पाचपाखाडी, चरई, खारकर आळी, कुठेही तुमचं जुनं घर किंवा चाळ पाडायला निघाली असेल, तर मला दोन दिवस आधी मेसेज करा. भाची आणि मी टेप घेऊन येतो, चहासुद्धा नको. आणि आम्हाला जमलं नाही, तर निदान फोटो तुम्ही काढा. दर्शनी बाजूचे सगळेच काढतात. जिन्याचा कठडा, माळ्याखालचे वासे आणि गर्डर, दारांच्या बिजागऱ्या यांचे काढा. आणि कौलं उलटी करून काढा, पुढच्या पडवीची वेगळी, मागच्या पडवीची वेगळी.